खुनी कोण ते माहितीये, तरी घाम का फुटतो?

वाचकांचे प्रश्न : या वेळी थ्रिलर पिक्चर

मागच्या अंकात म्हणलं होतं की थ्रिलर बघताना डोक्यात जे काही येतं ते लिहून पाठवा, तर पाठवलं तुम्ही, पोस्टकार्डापासून व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटपर्यंत सगळ्या वाटांनी आलं. "अमुक पिक्चरचा शेवट कळला नाही, समजावून सांगा" असे जे होते ते बाजूला ठेवलेत, कारण ज्यांनी अजून बघितला नाही त्यांच्या शिव्या मला खायच्या नाहीत. बाकीच्यातले निवडून घेतलेत, लांबलेले थोडे कापलेत, बोली तुमची तशीच ठेवलीय.

प्रश्न : सर, आम्ही घरचे सगळे मिळून हिंदीतला 'दृश्यम' बघितला. पोरगं कसं मेलं, कोणाच्या हातून मेलं, सगळं डोळ्यासमोर घडतं, त्यात लपवाछपवी काहीच नाही. तरी बी आमचे वडील शेवटपर्यंत पाणी प्यायला उठले नाहीत. जे माहितीच आहे त्याची धास्ती कामून वाटायली? (एक वाचक, गेवराई, जि. बीड)

दादा, माहिती आहे म्हणूनच वाटायली. ही गोष्ट थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं लई सोपी करून सांगून ठेवलीय, 1962 साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकानं त्याची लांबलचक मुलाखत घेतली होती तेव्हा. समजा दोघं जण टेबलाशी बसून काहीतरी फालतू गप्पा मारतायत आणि एकदम टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकला, पंधरा सेकंदात विषय संपला. आता तोच सीन घ्या, तेच दोघं, त्याच गप्पा, फक्त आधी आपल्याला दाखवलं की कोणीतरी टेबलाखाली बॉम्ब ठेवून गेलंय, तो एक वाजता फुटणारय आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. झालं, आता त्या फालतू गप्पांतला एकेक शब्द अंगावर येतो, आपण मनातल्या मनात ओरडतो की अरे उठा की येड्यांनो, आणि ते मात्र निवांत चहा ढवळत बसतात. पंधरा सेकंदांचं काम पंधरा मिनिटं चाललं, आणि जास्तीचा खर्च किती आला, तर एका शॉटचा.

म्हणजे धास्ती कुठून येते, तर कोणाला किती माहितीये यातल्या फरकातून. 'दृश्यम'मध्ये (मूळचा मल्याळममधला जीतू जोसेफचा 2013 चा, हिंदीतला आपल्या निशिकांत कामतचा 2015 चा) आपण साळगावकरांच्या, म्हणजे ज्यांच्या हातून पोरगं मेलं त्यांच्या घरात बसलेलो असतो, आपल्याला पोलिसांपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि पोलिस एकेक पाऊल आपल्याजवळ सरकायलेत ते बघत बसायचं. घरचा कर्ता विजय मेलेल्या पोराची ती पिवळी गाडी घेऊन निघतो आणि पोलिसातल्या गायतोंडेची नजर पडते, बघा, एवढासाच शॉट आहे तो, पण त्याच्यानंतर बराच वेळ काही घडलं नाही तरी ती नजर डोक्यातून जात नाही. मग 2 ऑक्टोबरचा सत्संग, पावभाजी, हॉटेलचं बिल, बसचं तिकीट, हे सगळं पोलिसांना सांगायला म्हणून तो बायकापोरांकडून घोकून घेतो. बऱ्याच लोकांना वाटतं तो भाग फक्त विजयची हुशारी दाखवायला आहे, पण तसं नाही, ते पाठांतर आपलंही करून घेतलेलं असतं, म्हणून पुढं धाकट्या पोरीला प्रश्न विचारला की उत्तर आधी आपल्या ओठावर येतं आणि ती अडखळली की आपला श्वास अडकतो. घोकायचा सीन कापून टाका, चौकशीचा सीन निम्मा पण चालणार नाही. एक गोष्ट मात्र दिग्दर्शकानं आपल्यापासूनही लपवलीय, ती कुठली हे तुमच्या वडिलांना विचारा.

आपल्या देवगिरीच्या किल्ल्यावर हीच युक्ती रोज दिवसभर चालते. अंधारी म्हणजे तिथली काळोखी भुयारी वाट, तिच्यात शिरायच्या आधी गाईड तुम्हाला बाहेर उजेडात उभं करून सांगतो की आत वाटा फुटतात, शत्रू उजेड दिसला की तिकडं पळायचा आणि थेट खंदकात जायचा, वरून उकळतं तेल पडायचं, आणि मग म्हणतो, चला आत. आत गेल्यावर तो काहीच बोलला नाही तरी चालतं, पायाखालची प्रत्येक पायरी आपण चाचपत चालतो. न सांगता नेलं असतं तर वटवाघळांचा वास आला असता आणि पाच मिनिटात बाहेर येऊन उसाचा रस पीत बसलो असतो.

प्रश्न : आम्ही बाबूराव अर्नाळकर वाचत मोठे झालो, काळा पहाड, झुंजार. त्या रहस्यकथा आणि आताचे थ्रिलर, एकच की वेगळं? (एक निवृत्त शिक्षक, परभणी)

गुरुजी, सख्खे नाहीत, चुलत म्हणा. शुद्ध रहस्यकथेत खुनी लपलेला असतो आणि वाचक डिटेक्टिव्हच्या मागं मागं चालतो. थ्रिलरमध्ये वाचक पात्राच्या एक पाऊल पुढं असतो आणि मागं वळून ओरडता येत नाही म्हणून तळमळतो. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, त्याच्यात दोन्ही सापडतं, पण झुंजारचं नाव घेतल्यावर तुम्हाला कोडं आठवतं का पाठलाग आठवतो, मला तर पाठलाग.

प्रश्न : बॅकग्राउंड म्युझिक म्यूट करून बघितलं की कुठलाच थ्रिलर भीती दाखवत नाही. मग ही सरळ सरळ फसवणूक झाली ना? भीती पिक्चरची नाही, वाजंत्र्याची. (एक वाचक, नांदेड)

तुमचा प्रयोग खरा आहे, निष्कर्ष अर्धाच खरा आहे. 'जॉज' घ्या, स्टीव्हन स्पीलबर्गचा, 1975 चा, समुद्रातल्या शार्कचा. जॉन विल्यम्सनं त्याला दोन सुरांची धून दिली, दोनच सूर, आधी सावकाश, मग जलद. शूटिंगला यंत्राचा शार्क बनवला होता तो खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून शार्क न दाखवता काम चालवायची पाळी आली, आणि पहिल्या तासाभरात शार्क जवळपास दिसतच नाही. दिसते काय, पाण्याची पातळी, पोहणाऱ्यांचे पाय, आणि ऐकू येतात ते दोन सूर. ते वाजले की शार्क आलाच हे आपण दोन-तीन वेळेला शिकतो.

आता पुढची गंमत बघा. मधे एका सीनमध्ये दोन पोरं शार्कच्या पाठीवरचा असतो तसला खोटा पर पाण्यावर सोडून सगळ्या बीचची पळापळ करतात, लोक किंचाळतायत, चेंगराचेंगरी होतेय, पण ते दोन सूर वाजत नाहीत. म्हणजे म्युझिकनं तुम्हाला खरं सांगितलं होतं, की बाबा इथं काही नाही, कान देऊन ऐकणाऱ्याला ते तेव्हाच कळतं. एकदा हा विश्वास पक्का बसला की मग दिग्दर्शक तो मोडतो. पोलिस चीफ बोटीच्या मागं उभा राहून कुरकुर करत आमिष पाण्यात टाकतोय, सूर नाहीत, काही नाही, आणि एकदम तो भलामोठा जबडा वर येतो. अख्खं थिएटर खुर्चीतून उठतं ते त्या जबड्यामुळं नाही हो, न वाजलेल्या सुरांमुळं उठतं.

तर म्युझिक हा एक करार असतो आणि करार असला तरच तो मोडता येतो. मला फसवणूक वाटते ती आजकालच्या मालिकांतली, सून नुसती फ्रीज उघडते आणि मागं ढोल, व्हायोलिन, वीज, सगळं एकदम, तिथं कुठलाच करार नाही, सगळाच गोंगाट. आणि हिचकॉकचं सांगायचं तर 'सायको'मधला (1960) बाथरूमचा खून त्याला आधी म्युझिकशिवायच ठेवायचा होता. संगीतकार बर्नार्ड हर्मननं ऐकलं नाही, नुसती तंतुवाद्यं घेऊन ती किंचाळणारी धून बनवून ऐकवली आणि हिचकॉकनं गपगुमान मान्य केलं. एवढा मोठा माणूस पण ऐकणाऱ्यातला होता.

प्रश्न : लहानपणी गल्लीत पडदा लावून जुने पिक्चर दाखवायचे, त्यात पांढऱ्या साडीतली बाई धुक्यात गाणं म्हणत फिरायची आणि आम्ही आईच्या पदरात तोंड खुपसायचो. आता तेच गाणं रेडिओवर लागलं की भाजी निवडता निवडता गुणगुणते. तेव्हा एवढी भीती कशाची होती? (एक ताई, अंबाजोगाई)

ताई, तुम्ही आपल्या मातीतली सगळ्यात अस्सल युक्ती धरलीत. बाहेरच्या थ्रिलरमध्ये दार करकरतं, जिना वाजतो, आपल्याकडं भूत गाणं म्हणतं. हे पक्कं झालं 'महल'पासून (1949), कमाल अमरोहींचा पिक्चर, खेमचंद प्रकाशांची चाल, 'आयेगा आनेवाला'. त्या गाण्याची सुरुवात आठवा, ठेका नाहीच, नुसता आवाज, आणि तो लांबून जवळ येत जातो. तेव्हा काही आजच्यासारखी बटणं नव्हती, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी लता मंगेशकर माइकपासून लांब उभं राहून गायला लागल्या आणि गात गात माइककडं चालत आल्या. म्हणजे ते अंतर खरं आहे, कोणीतरी खरोखरच अंधारातून आपल्याकडं चालत येतंय, कान ते ओळखतो, आपल्या लक्षात येवो न येवो.

मग रांगच लागली. 'बीस साल बाद' (1962), 'वह कौन थी' (1964). आणि मराठीत त्याच 1964 साली राजा परांजपेंचा 'पाठलाग', त्यातलं 'या डोळ्यांची दोन पाखरे'. तोच पिक्चर राज खोसलांनी 1966 साली हिंदीत 'मेरा साया' म्हणून केला, आणि हिंदीवाल्यांनी आपल्याकडून घेतलं असं छाती फुगवून सांगायला जी थोडी उदाहरणं आहेत त्यातलं हे एक, तेव्हा सांगत चला. पुढं 1976 ला 'हा खेळ सावल्यांचा' आला, त्यातलं 'काजळ रातीनं' अजून कोणी रात्री एकट्यानं लावून दाखवावं.

असलं गाणं करतं काय, तर एकच गाणं तीन-चारदा येतं. पहिल्यांदा ऐकताना आपण हिरोसोबत असतो, त्याला आणि आपल्याला सारखंच कोडं. दुसऱ्यांदा नुसता आलाप लागला की आपल्याला कळतं आता दिवा विझणार, खिडकी उघडणार, आणि हिरो मात्र येड्यासारखा आवाजाच्या मागं निघतो. म्हणजे परत तेच, आपण पुढं, तो मागं. आणि गंमत अशी की शेवटी बहुतेक वेळा भूतबित काही नसायचं, इस्टेटीचा मामला निघायचा नाहीतर जुळी बहीण, हे पब्लिकला तिकीट काढतानाच माहिती असायचं, तरी भीती कमी व्हायची नाही. प्रेक्षक कधीच कोरा येत नसतो ताई, आधीच्या शंभर पिक्चरची माहिती सोबत घेऊन येतो, आणि चांगला दिग्दर्शक त्याच माहितीवर धंदा करतो. तुमचं भाजी निवडताना गुणगुणणं पण बरोबरच आहे, भरदुपारी मेथीच्या जुडीसमोर ती बाई कशाला येईल.

प्रश्न : आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. हिरॉईन अडकली तर फोन करंल ना. मग थ्रिलर संपले म्हणायचे का? (एक वाचक, सेनगाव, जि. हिंगोली)

म्हणून तर प्रत्येक पिक्चरमध्ये "रेंज नाही" हा डायलॉग असतो, आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर तो कोणाला खोटा पण वाटत नाही. पण रेंज घालवणं हा आळशीपणा झाला. 'दृश्यम'मध्ये बघा, मेलेल्या पोराचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तो फोन चालत्या ट्रकवर टाकून दिला जातो आणि पोलिस लोकेशनच्या मागं फिरत बसतात. मोबाईलनं सस्पेन्स मरत नाही, लिहिणाऱ्याला जास्त डोकं लावायला लागतं एवढंच.

प्रश्न : हॉरर असो का थ्रिलर, हिरॉईन अंधारात चाललेली, एकदम खांद्यावर हात पडतो आणि तो निघतो तिच्या मैत्रिणीचा. नाहीतर मांजर उडी मारते. ह्या खोट्या दचकवण्याचा राग येतो, मला वाटतं दिग्दर्शकाकडं दाखवायला काही नसलं की तो मांजर सोडतो. (एक वाचक, भोकरदन, जि. जालना)

बहुतेकांच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण ज्यानं पहिल्यांदा नीट केलं त्याचं बघा, मग राग थोडा उतरेल. 'कॅट पीपल' नावाचा 1942 चा पिक्चर, निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टूर्नर. गोष्ट बाईचा बिबट्या होण्याची, पण पैसे नव्हते, म्हणून बिबट्या दाखवायचा तो पण जेवढा टळंल तेवढा टाळायचा. एक बाई रात्री सुनसान रस्त्यानं चाललीय, मागं दुसऱ्या बाईच्या सँडलचा टकटक आवाज. दिव्याखालून उजेडात, मग अंधारात, परत उजेडात. मग मागचा आवाज बंद होतो. इथं खरी भीती सुरू होते, आवाजाची नाही, आवाज थांबल्याची. ती थांबते, मागं बघते, कोणी नाही, झाडाची फांदी हलते, आणि एकदम बाजूनं फिस्सकन जनावर गुरकावल्यासारखा आवाज. बस. ब्रेक मारून थांबलेली सिटी बस. त्या धंद्यातले लोक अजून असल्या खोट्या दचक्याला 'ल्यूटन बस' म्हणतात.

फरक कुठंय, तर त्या बसच्या आधी दोन मिनिटं त्यानं कमावलेली होती. उजेड-अंधार, टकटक, शांतता. शिवाय बस आल्यावर प्रेक्षक हुश्श करतो, हसतो, खुर्चीत मागं टेकतो, आणि टेकलेल्या माणसाला पुढचा खरा धक्का दुप्पट लागतो. आपले लोक फक्त मांजर उचलतात, ती दोन मिनिटं उचलत नाहीत.

प्रश्न : हिंदी थ्रिलरला गाणी लागतातच का? (एक वाचक, कळंब, जि. धाराशिव)

नाही. बी. आर. चोप्रांचा 'कानून' 1960 चा, एक गाणं नाही. यश चोप्रांचा 'इत्तेफाक' 1969 चा, राजेश खन्ना आणि नंदा, एक रात्र, एक घर, गाणं नाही. आणि गाणं ठेवायचंच तर विजय आनंदसारखं ठेवा, 'ज्वेल थीफ'मध्ये (1967) 'होठों पे ऐसी बात' चालू असताना देव आनंदच्या जीवावर बेतलेलं असतं, त्या गाण्यात लघवीला उठलेला माणूस मी बघितलेला नाही.

प्रश्न : वेब सिरीजमध्ये आजकाल शेवटच्या एपिसोडला इतके ट्विस्ट टाकतात की सात एपिसोड बघितले ते कशाला असं वाटतं. चांगला ट्विस्ट आणि फालतू ट्विस्ट कसा ओळखायचा? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

सोपी परीक्षा आहे, ट्विस्ट कळल्यावर मागचे सीन परत आठवायचे. ते जास्त चांगले वाटायला लागले तर ट्विस्ट खरा. ते सगळे वाया गेल्यासारखे वाटले तर लेखकानं तुझे सात तास खाल्ले. शेवटी एक जण खुर्चीत बसून दहा मिनिटं फ्लॅशबॅकमध्ये "मी कसं केलं" ते सांगतो, तो तर ट्विस्ट नसतोच, ते गाईड असतं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं.

श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (2018) बघितला असशीलच, आपल्या पुण्यात घडतो. सुरुवातीला कोबीच्या शेतात एक माणूस सशामागं बंदूक घेऊन पळतोय, ससा एका डोळ्यानं आंधळा. पब्लिक म्हणतं, हे काय, चुकीच्या पिक्चरला आलो का. ते विसरून जातो आपण, आणि मग तोच ससा कुठं परत येतो ते बघ. पत्ते सगळे पहिल्या मिनिटापासून टेबलावर उघडे ठेवलेले असतात.

पण मला त्या पिक्चरमधला ट्विस्टपेक्षा पियानोचा सीन जास्त आवडतो, कारण त्यात ट्विस्टच नाही. हिरो आकाश आंधळा असल्याचं नाटक करतोय, आपल्याला माहिती, ज्या बाईच्या घरी तो वाजवायला आलाय त्या सिमीला माहिती नाही. तो पियानो वाजवत बसलाय आणि समोर जमिनीवर मृतदेह पडलाय. त्याला दिसतोय, पण दिसतोय हे दाखवलं तर तो पण तिथंच आडवा. म्हणून वाजवत राहतो. बाथरूमला म्हणून उठतो तर आत पिस्तूल घेऊन दुसरा उभा, त्याच्यासमोर पण आंधळाच राहायचं. परत येऊन परत वाजवायला बसतो, तिकडं दोघं जण मुकाट्यानं मृतदेह गुंडाळतायत, डायलॉग जवळपास नाहीत, फक्त पियानो. ते सुंदर वाजतंय आणि आपण खुर्चीचा हात दाबून धरलाय. त्या एका सीनमध्ये कोणाला काय माहितीये याचे कागदावर चार रकाने आखून बघ, आकाश, सिमी, तो बाथरूममधला आणि आपण. मग कुठल्याही सिरीजचा लेखक तुला फसवू शकणार नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे सहा मित्र मिळून मोबाईलवर थ्रिलर शॉर्टफिल्म काढायलो. स्टोरी अशी : उसाच्या फडात मुकादमाचा खून होतो, टोळीतल्या पाच जणांवर संशय, शेवटी खुनी पोलिसच निघतो. बजेट म्हणजे पेट्रोलपुरते पैसे. काही सल्ला द्या. (रेणापूर, जि. लातूर)

मित्रांनो, जागा एक नंबर निवडलीत, स्टोरी टाकून द्या. पाच संशयित म्हणजे पाच ॲक्टर, पाच जणांचे डायलॉग, पोलिसाचा ड्रेस, आणि बारा मिनिटात पाच जणांवर संशय घेण्याइतकी त्यांची ओळखच होणार नाही. तुमच्याकडं फुकटात काय आहे ते बघा, ऊस, रात्र आणि शांतता. उसाचा फड किती कामाचा आहे ते विशाल फुरियानं 'लपाछपी'मध्ये (2017) दाखवून झालंय, त्याच पिक्चरचा हिंदीत 'छोरी' झाला. डोक्याच्या वर गेलेला ऊस, चारी बाजू सारख्या, हातभर पुढचं दिसत नाही, आणि वारा नसताना पाचट वाजलं तर कोण आहे ते कळायला मार्ग नाही. पण त्याची कॉपी नको, तुम्ही भूत घेऊ नका.

मी तुम्हाला तुमच्याच शिवारातला बॉम्ब देतो. दुपारची वेळ, लाइट नाही. स्टार्टरपासून मोटरकडं गेलेली वायर, तिच्या जोडावरची टेप निघालीय आणि तो उघडा जोड ओल्या सरीत पडलाय. एक पोरगं खेळत खेळत त्याच्यावरून उडी मारून जातं, काही होत नाही, कारण लाइटच नाही. मग स्टार्टरच्या पेटीचा क्लोजअप, ऑटो चालू ठेवलेलं, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू. आणि कोणाच्या तरी तोंडी एक वाक्य, "आज थ्री फेज रात्री बाराला हाय", म्हणजे मोटरीची लाइट तेव्हा येणार. संपली तुमची तयारी, तीन शॉट. शेतीवाल्या माणसाला याच्या पुढं काही सांगायला लागत नाही, आणि तुमचं पब्लिक शेतीवालंच आहे.

आता रात्र. बाप बॅटरी घेऊन बांधावरून येतो, चिखल म्हणून चप्पल काढून बांधावर ठेवतो. त्या चपलांवर कॅमेरा दोन सेकंद जास्त थांबू द्या. तो सरीत उतरतो, फोनवर बायकोशी बोलतोय, पोरीची फी, खताची उधारी, उद्या पाव्हणे येणारेत, एकदम साधं. विहिरीवरचा बल्ब प्रत्येक फ्रेममध्ये मागं कुठंतरी दिसला पाहिजे, बंद. तो बल्ब तुमचं घड्याळ आहे. लागला की लाइट आली. बापाचं तिकडं लक्ष नाही, पब्लिकचं लक्ष दुसरीकडं कुठं जाणारच नाही. मधेच लांब दुसऱ्याच्या शेतातला बल्ब लागू द्या, सगळे दचकतील, मग कळंल तो फीडर, म्हणजे लाइटची लाइन, वेगळा. हीच तुमची मांजर, पण कमावलेली.

म्युझिक अजिबात नको, रातकिडे आणि पाचटाचा आवाज पुरे, आवाज मात्र वेगळा नीट रेकॉर्ड करून घ्या, मोबाईलवरच्या शॉर्टफिल्म चित्रापायी नाही, आवाजापायी पडतात. शॉट सुरुवातीला लांब ठेवा आणि बाप जसा जोडाकडं सरकंल तसे छोटे करत न्या.

बापाला मारायचं का, हे तुमच्यात भांडण होईल. हिचकॉकनं 'सॅबोटाज'मध्ये (1936) एका पोराच्या हातात त्याला न सांगता बॉम्ब दिला, पोरगं रस्त्यात रेंगाळतं, बसमध्ये बसतं, आपण घड्याळ बघतोय, आणि बॉम्ब खरंच फुटतो, पोरगं मरतं. प्रेक्षक भयंकर चिडले आणि पुढं स्वतः हिचकॉकनं कबूल केलं की ते चुकलंच, एवढा वेळ जीव टांगणीला लावला की सोडवायला पाहिजे. तेव्हा माझं मत, बाप वाचू द्या, पण त्याला कळू देऊ नका. दुपारचं तेच पोरगं येऊन ऑटो बंद करून जाईल, बल्ब लागंल, मोटर चालू होणार नाही, आणि बाप लाइनमनला शिव्या देत घरी जाईल.

आणि शूटिंगला खरी वायर घेऊ नका, नायलॉनची दोरी काळी रंगवा, टोकाला तांब्याच्या तारेचा तुकडा गुंडाळा, रात्रीच्या उजेडात फरक दिसत नाही. स्टार्टरच्या पेटीचा क्लोजअप फ्यूज काढून, घरच्या मोठ्या माणसाला शेजारी उभं करूनच घ्यायचा.